चित्र फिकट का दिसतं?

नाशिकच्या बाजारात फिश टँकमागे लावायला प्रवाळांची चित्रं हमखास मिळतात. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशमागे समुद्र कशाला, हे विचारू नये! पण नुसत्या टेपने लावलेलं चित्र फिकट, चंदेरी दिसतं. दोष मधल्या हवेचा. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. त्या सीमेवर थोडा प्रकाश परत फिरतो, तिरकं पाहिलं तर बराच. १.४७ अपवर्तनांकाच्या ग्लिसरीनचा पातळ थर बाहेरून द्या, प्लॅस्टिकचं चित्र वरून खाली दाबत जुन्या एटीएम कार्डाने बुडबुडे काढा, रंग उजळतात. मला विचाराल तर गोदाकाठच्या बेसाल्टसारखा साधा काळाच बरा. फिकट पार्श्वभूमीवर अनेक माशांच्या त्वचेतलं गडद रंगद्रव्य पेशींच्या मध्याकडे गोळा होतं आणि मासे फिके पडतात. काळ्यापुढे ते पसरतं.