दिवा, पतंग आणि पानातलं कवच

ऑगस्ट उजाडला की पांढुर्णा-सौसरच्या पट्ट्यात अंबिया बहाराची संत्री भरू लागतात आणि बागेत रात्रीचे चोर शिरतात. रसशोषक पतंग अंधारात फळात सोंड खुपसतो, त्या भोकातून बुरशी आत जाते आणि फळ गळून पडतं. शेजारच्या पऱ्हाटीत बोंडअळी असते, पुढे हरभऱ्यात घाटेअळी येते. या सगळ्यांचे पतंग रात्रीच हिंडतात. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने म्हणूनच एका साध्या यंत्राशी नीट ओळख करून घ्यावी. ते यंत्र म्हणजे प्रकाश सापळा.

रचना सोपी आहे. मधोमध दिवा, त्याच्याभोवती उभ्या पत्र्याच्या पट्ट्या, खाली नरसाळं आणि त्याखाली डबा किंवा पिशवी. दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग पत्र्यावर आपटतो आणि घसरत डब्यात जातो. दिवा पाऱ्याच्या वाफेचा असतो किंवा अतिनील प्रकाश देणारा. जिथे वीज नाही तिथे सौर पॅनेलवर चालणारे सापळे मिळतात. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात एस. एम. वैशंपायन यांनी या यंत्रावर अनेक वर्षं काम केलं. कोणत्या दिव्यावर कोणते पतंग किती येतात याची तुलना त्यांनी केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एसएमव्ही’ म्हणून ओळखली जाणारी रचनाही तिथलीच.

अतिनीलच का? पतंगाच्या डोळ्यात ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. माणसाला न दिसणारा हा प्रकाश त्याला ठळक दिसतो. पण जो प्रकाश त्याला ओढतो, तोच त्याच्या शरीराला जाचतो. अतिनील किरणांमुळे पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि ते प्रथिनं, चरबी व जनुकद्रव्य पोखरतात. घाटेअळीचे पतंग अशा प्रकाशात ठेवून चिनी संशोधकांनी २००९ मध्ये तपासले, तेव्हा त्यांची प्रथिनं बिघडलेली दिसली आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज ही बचावाची विकरंही वाढलेली दिसली. थोडक्यात, नुसत्या दिव्याने पतंग मरत नाही. त्याच्याकडे कवच असतं. मारण्याचं काम खालचा डबा करतो.

या कवचाचा एक भाग पतंग स्वतः घडवतो, दुसरा अन्नातून येतो. कॅरोटिनॉइड ही पिवळी-नारिंगी अँटिऑक्सिडंट, म्हणजे त्या उपद्रवी रेणूंना आवरणारी द्रव्यं, बहुतेक कीटकांना स्वतः बनवता येत नाहीत. मावा हा मोजक्या अपवादांपैकी एक. त्याच्याकडे बुरशीकडून आलेली जनुकं आहेत, हे २०१० मध्ये उघड झालं. बाकीच्यांना पानावरच भिस्त ठेवावी लागते. अनेक अळ्यांच्या हिरव्या रंगातही पानातून आलेलं पिवळं द्रव्य मिसळलेलं असतं. रेशीमकिड्याच्या पिवळ्या कोशाचा रंग तुतीच्या पानातून येतो. रेशीमकिड्याला आणि टोळाला क जीवनसत्त्व हे दुसरं अँटिऑक्सिडंटही अन्नातूनच मिळवावं लागतं.

संत्र्याच्या पानावरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. लिंबूवर्गीय झाडांवरचा लाल कोळी भर उन्हात पानाच्या वरच्या बाजूला राहतो. त्याच्या अंगात अस्टाझँथिन हे लाल कॅरोटिनॉइड असतं, आणि पानाखाली दडणाऱ्या दुठिपकी कोळ्यापेक्षा तो अतिनील किरणं अधिक सोसतो. जपानी संशोधकांनी २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. कोळ्यांना खाणाऱ्या मित्र कोळ्यांना परागकण खाऊ घातले, तर त्यांतल्या अँटिऑक्सिडंटमुळे तेही या किरणांना अधिक तोंड देतात. कोळी कीटक नव्हेत, त्यांना आठ पाय असतात. पण अन्नातून कवच मिळवण्याची रीत इथेही आहे.

आता सापळ्याचा उपयोग. मादीच्या गंधाची नक्कल करणाऱ्या कामगंध सापळ्यात एकाच जातीचे नर येतात. प्रकाश सापळ्यात नर-मादी दोन्ही आणि अनेक जाती सापडतात. हीच त्याची ताकद, आणि हाच धोका, कारण मित्रकीटकही त्यात अडकतात. म्हणून दिवा रात्रभर न जाळता संध्याकाळनंतरचे काही तास लावावा, सकाळी डब्यातले पतंग जातवार मोजावेत आणि आकडे वहीत लिहावेत. आकडा एकाएकी वाढला की पिकात उतरून अंडी आणि अळ्या शोधाव्यात, मगच फवारणीचं ठरवावं.

रसशोषक पतंगासाठी एवढ्यावर भागत नाही. त्याची अळी संत्र्यावर नव्हे, बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते. पतंगाची वाढ तिथेच होते आणि शिदोरीही तिथूनच मिळते. तेव्हा दिवा लावण्याआधी बागेभोवतीच्या या वेली काढा आणि गळलेली फळं उचलून नष्ट करा. मात्र बांध सरसकट साफ करू नका. फुलणारी झाडं-झुडपं राहू द्या, मित्रकीटकांचं अन्न तिथेच असतं. सापळ्याने कीड कळते. ती आवरायची तर तिच्या खाण्याची जागा आधी पाहावी लागते.