पालेभाजीचें पाणी

भाजी ताजी असावी, नीट निवडलेली असावी, एवढी दक्षता आपल्या बहुतेक घरांत घेतली जाते. परंतु बाजारांतून आणलेला तिचा सकसपणा ताटांत पडेपर्यंत कितीसा उरतो, याचा विचार क्वचितच होतो.

या विषयाचा एक धागा मुंबईशीं जोडलेला आहे. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी तेथें आल्या व कापडगिरण्यांतील गरीब गर्भवतींच्या पांडुरोगाचा त्यांनीं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें हा रोग हटतो, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें करण्यांत आलें. लॅटिन भाषेंत पानास ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरूनच फॉलिक आम्ल हें नांव पडलें.

हें द्रव्य पाण्यांत विरघळतें. क जीवनसत्त्वही तसेंच. शिवाय तें उष्णतेनें व हवेनें नाश पावतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, पाण्यांत उकडलेल्या पालकांत फोलेट सुमारें निम्मेंच उरलें; थोडा वेळ वाफविलेल्या पालकांत मात्र तें फारसें घटलें नाहीं.

म्हणून भाज्या कच्च्याच खाव्या काय? तसें नव्हे. चरकसंहितेंत आहारविचाराच्या आठ अंगांत ‘करण’ म्हणजे पदार्थावरील संस्कार हें एक अंग सांगितलें आहे. संस्कार गुण घटवितो, तसाच वाढवितोही. चिंच घालून शिजविल्यानें अळवाची खाज शमते; गाजर थोड्या तेलांत शिजविल्यास त्यांतील कॅरोटिन शरीरास अधिक लाभतें.

तेव्हां भाजी आधीं धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यांत, झाकण ठेवून, बेताचीच शिजवावी. पाणी उरल्यास आमटींत घालावें वा त्यांत कणीक भिजवावी. हिरव्या रंगाच्या लोभानें सोडा घालूं नये. उतरविल्यावर लिंबू पिळावें. त्यानें पालेभाजींतील लोह अंगीं लागण्यास साह्य होतें.

एक गोष्ट मात्र घरांतील कर्त्या मंडळींस सांगावीशी वाटते. एकत्र कुटुंबांत अनेक ठिकाणीं सुना शेवटीं जेवतात. तोंवर भाजी दोनदां तापलेली असते. फोलेटची गरज तर गर्भारपणांत, त्यांतही अगदीं आरंभीं, सर्वांत अधिक असते. बाळाचा पाठकणा घडतो तो तेव्हांच. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या चालू ठेवाव्याच. पण तिचें पानही पहिल्या पंगतींत मांडावें. पाककृतींत याहून मोठी सुधारणा आम्हांस सुचत नाहीं.