खांदा दुखतो, पण दुखणे कुणाचे?

कोपराला बाकाची कड लागली की झिणझिण्या करंगळीत येतात. मार कोपराला, तक्रार करंगळीची! करंगळीकडून येणारी चेता कोपराशी त्वचेच्या अगदी लगत असते. ती मध्येच कुठे दुखावली, हे मेंदूला उमगत नाही. संदेश करंगळीकडूनच आला, असे तो धरून चालतो. हृदयाच्या बाबतीतही मेंदूचा अंदाज असाच चुकतो, मात्र कारण वेगळे असते.

हृदयाकडून वेदनेचे संदेश आणणारे तंतू छातीच्या वरच्या भागात मेरुरज्जूत शिरतात. छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेकडून येणारे तंतूही तिथेच शिरतात. पुढे दोघांचे संदेश बऱ्याचदा एकाच चेतापेशीमार्फत मेंदूकडे जातात. त्वचेकडून संदेश नेहमीच येतात, हृदयाकडून क्वचित. म्हणून हृदयाला रक्त कमी पडले तरी दुखतो तो हात. चढ चढताना छातीत उठणारी आणि डाव्या हातात उतरणारी ही कळ इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकातच नोंदवली होती.

श्वासपटलाची गोष्ट आणखी गमतीची आहे. गर्भात ते मानेजवळ तयार होते आणि खाली सरकताना आपली चेता मानेतूनच सोबत आणते. खांद्याच्या टोकाच्या त्वचेची चेताही मानेतूनच निघते. त्यामुळे पित्ताशयाच्या सुजेने श्वासपटल चाळवले, तर कधीकधी उजवा खांदा दुखतो.

मग खांदा दुखला की घाबरायचे का? नाही. बहुतेकदा कारण स्नायूंत किंवा सांध्यात असते. हात विशिष्ट तऱ्हेने हलवला किंवा तिथे दाबले, की असे दुखणे वाढते. छातीतली जळजळ आम्लपित्ताचीही असते. परंतु छातीवर दडपण, श्रमाने वाढणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, जबड्यात किंवा हातात उतरणारी वेदना यांपैकी काही जाणवले, तर 'वात असेल' म्हणून बाम चोळत बसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. दुखणे हृदयाचे की स्नायूंचे, हे घरी ठरवता येत नाही. त्यासाठी ईसीजी आणि रक्ततपासणी लागते. रक्ताविना हृदयाचे स्नायू मरू लागतात, म्हणून इथे मिनिटांना मोल आहे.

दुखते कुठे, हे रुग्ण सांगतो. का दुखते, हे शोधावे लागते. वर्गात चेतासंस्था शिकवताना एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले, तरी एखाद्या घरातला उशीर टळेल.