गाठ ‘लो ग्रेड’ आहे, म्हणजे नेमके काय?

मेंदूतील गाठीचा अहवाल न्यायला येणारे नातेवाईक मला बहुधा एकच विचारतात, ‘डॉक्टर, लो ग्रेड लिहिलंय, म्हणजे काळजी नाही ना?’ गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हे माझे काम. म्हणून आज या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घेऊ.

इतर अनेक कर्करोगांत ‘स्टेज’ विचारतात, म्हणजे रोग किती पसरला ते. मेंदूत सुरू झालेली गाठ सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. इथे पाहायचा तो तिचा स्वभाव. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १ ते ४ श्रेणी ठरवल्या आहेत. पहिल्या दोन म्हणजे लो ग्रेड.

पण या दोहोंतही मोठे अंतर आहे. मुलांमध्ये बरेचदा लहान मेंदूत आढळणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा पहिल्या श्रेणीचा. तो पूर्ण काढता आला, तर बहुतेक मुले बरी होतात. दुसऱ्या श्रेणीचा ग्लायोमा पुष्कळदा ऐन तारुण्यात, अचानक आलेल्या फिटमुळे कळतो. दुधात साखर विरघळावी, तशा त्याच्या पेशी निरोगी मेंदूत मिसळलेल्या असतात. शस्त्रक्रियेनंतरही काही मागे राहतात आणि काही वर्षांनी वरच्या श्रेणीत जाऊ शकतात.

पूर्वी आम्ही पेशींच्या रूपावरून नाव देत असू. २०१६ पासून वर्गीकरणात जनुकांची साक्षही घेतली जाते. २०२१ मध्ये तिचे वजन आणखी वाढले. आयडीएच जनुकात बदल असेल आणि १ व १९ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग गळालेले असतील, तर तो ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. ते शाबूत असतील तर ॲस्ट्रोसायटोमा. पहिल्याची चाल सहसा अधिक संथ. प्रौढांत आयडीएच बदल नसेल आणि इतर काही जनुकीय खुणा सापडल्या, तर शांत दिसणारा ग्लायोमाही चौथ्या श्रेणीचा ठरतो. गोगलगाय अन् पोटात पाय!

उपचार यावरच ठरतात. कुणाला एमआरआयने लक्ष ठेवणे पुरते, कुणाला रेडिएशन व केमोथेरपी लागते. आयडीएच बदल असलेल्या दुसऱ्या श्रेणीच्या ग्लायोमासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिब या गोळीला मान्यता मिळाली.

तेव्हा नुसता ग्रेड वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही राहू नका. गाठीचे पूर्ण नाव काय, जनुक तपासणी झाली का, पुढचा एमआरआय केव्हा, हे डॉक्टरांना विचारा. प्रयोगशाळेतून मिळणारा मेणाचा ठोकळा, म्हणजे ‘ब्लॉक’, जपून ठेवा. जनुक तपासणी पुढेही त्यावरून होऊ शकते. आणि फिट थांबल्या म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)