अनिश्चित काळाचे नियोजन

१९५८ साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी ‘पर्ट’ ही नियोजनपद्धती विकसित झाली. पूर्वी कोणीच न केलेल्या कामाचा कालावधी सांगावा कसा? यासाठी प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतात : सर्व सुरळीत झाल्यास, सर्वसाधारणपणे आणि अडचणी आल्यास. मधल्या अंदाजाची चौपट करून तिन्हींच्या बेरजेस सहाने भागतात. ४, ६ आणि १४ दिवसांवरून ७ दिवस येतात. अडचणींचा एक दिवस आधीच हिशेबात धरला जातो. नंतर कामांचे जाळे रेखाटून आरंभापासून शेवटापर्यंतचा सर्वांत दीर्घ मार्ग शोधतात. त्यावरील एका कामाचा विलंब साऱ्या प्रकल्पाचा विलंब ठरतो. इतर कामांना सवड असते. वसतिगृह पावसाळ्यापूर्वी उभारायचे असल्यास अपुरा निधी व मनुष्यबळ प्रथम कोठे लावावे, हे हाच मार्ग सांगतो.