शेवट झाला, मालिका चालूच!

‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका १३ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाली. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोघे भाऊ १९६७च्या काळ्या इम्पाला गाडीतून गावोगाव फिरत भुताखेतांचा बंदोबस्त करतात, एवढंच मूळ सूत्र. निर्माते एरिक क्रिप्के यांनी कथेचा आराखडा ५ पर्वांचा आखला होता.

तो पूर्णही झाला. १३ मे २०१०च्या ‘स्वान साँग’ या भागात सैतान सॅमच्या अंगात शिरलेला असतो. डीनला ठेचत असताना त्याची नजर गाडीच्या ॲशट्रेमध्ये लहानपणी कोंबलेल्या खेळण्यातल्या सैनिकावर पडते. आठवणींचा लोंढा येतो, सॅम क्षणभर भानावर येतो आणि सैतानासकट खोल खड्ड्यात उडी घेतो. इतका चोख शेवट फार थोड्या मालिकांच्या वाट्याला येतो.

पण शेवटच्या दृश्यात सॅम पुन्हा रस्त्यावरच्या दिव्याखाली उभा! क्रिप्के यांनी सूत्रं सेरा गॅम्बल यांच्याकडे दिली आणि १०४ भागांच्या गोष्टीला आणखी २२३ भाग जोडले गेले. मेलेले परत येऊ लागले, तसा मरणाचा धाक गेला. माझ्या मते थांबायची जागा २०१० हीच. (अर्थात, मग विंचेस्टर बंधू स्कूबी-डूच्या कार्टूनमध्ये शिरतात तो २०१८चा धमाल भागही झाला नसता. तेवढ्यापुरती माझी पंचाईत होते.)

कोविडमुळे अखेरचे २ भाग रखडले. १९ नोव्हेंबर २०२० रोजी मालिका एकदाची संपली. देवदानवांना पुरून उरलेला डीन त्यात मरतो तो खांबातल्या लोखंडी सळईने.