ब्राउझरच्या छोट्या बॉक्समध्ये मोठा मजकूर कशाला लिहायचा? जोडा तुमचा टेक्स्ट एडिटर!

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, नोकरीचा फॉर्म असो की कॉलेजचा ऑनलाइन प्रकल्प, 'स्वतःबद्दल ५०० शब्दांत लिहा' असा एक बॉक्स हमखास येतोच. बरेच जण थेट त्यातच लिहायला सुरुवात करतात. मध्येच एक फोन येतो, परत येऊन बघावं तर पेज रिफ्रेश झालेलं आणि बॉक्स रिकामा! शेवटच्या तारखेला असं झालं तर पुन्हा सगळं लिहायला वेळही उरत नाही.

मजकूर जातो कुठे?

आपण बॉक्समध्ये टाइप केलेलं साधारणपणे त्या टॅबच्या मेमरीतच असतं. सबमिट केल्याशिवाय ते सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. काही साइट्स मधूनमधून ड्राफ्ट सेव्ह करतात, पण सगळ्या नाही. फोनमध्ये रॅम कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेला टॅब बंद करतं आणि परत आल्यावर पेज नव्याने लोड होतं. कधी बराच वेळ गेल्याने लॉगिनच संपतं. म्हणून माझा साधा नियम आहे: लिहायचं एडिटरमध्ये, बॉक्स फक्त पाठवण्यासाठी.

कॉम्प्युटरवर: घोस्टटेक्स्ट

घोस्टटेक्स्ट हे मोफत एक्स्टेन्शन ब्राउझरचा बॉक्स आणि तुमचा एडिटर एकमेकांना जोडतं. व्हीएस कोड, सबलाइम टेक्स्ट, विम, ईमॅक्स अशा एडिटर्ससोबत ते चालतं. व्हीएस कोड वापरत असाल तर असं करा:

१. क्रोम किंवा फायरफॉक्सच्या अधिकृत स्टोअरमधून घोस्टटेक्स्ट इन्स्टॉल करा.
२. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शन विभागात घोस्टटेक्स्ट शोधून तेही इन्स्टॉल करा. दोन्हीकडे हवंच.
३. व्हीएस कोड उघडा ठेवा, ब्राउझरमध्ये फॉर्मचं पेज उघडा आणि घोस्टटेक्स्टच्या आयकॉनवर क्लिक करा. पेजवर अनेक बॉक्स असतील तर हवा तो निवडा.
४. आता एडिटरमध्ये टाइप करा, तोच मजकूर बॉक्समध्ये लगेच दिसू लागेल. बॉक्समध्ये केलेला बदलही एडिटरमध्ये येतो.

पूर्वी फायरफॉक्समध्ये 'इट्स ऑल टेक्स्ट' नावाचं ॲड-ऑन हेच काम करायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं आणि जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स बंद झाली. नव्या नियमांत एक्स्टेन्शनला बाहेरचा प्रोग्राम थेट उघडता येत नाही. म्हणून घोस्टटेक्स्टमध्ये एडिटर तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालवतो आणि ब्राउझर त्याच्याशी बोलतो. या जोडणीसाठी मजकूर इंटरनेटवरून कुठेही जात नाही.

तरीही पेज बंद झालं की ही जोडणी तुटते. त्यामुळे महत्त्वाचं लिखाण एडिटरमधून वेगळ्या फाइलमध्ये सेव्ह करायचंच.

फोनवर काय करायचं?

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, त्यामुळे इथे हाताने काम करावं लागतं. पण ते अवघड नाही. गूगल कीप किंवा मार्करसारख्या ॲपमध्ये लिहा, तिथे मजकूर आपोआप सेव्ह होतो. प्रश्न समोर दिसायला हवा असेल तर स्प्लिट स्क्रीन करा: वर ब्राउझर, खाली नोट्स. लिहून झालं की कॉपी-पेस्ट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जीबोर्डचा क्लिपबोर्ड कॉपी केलेला मजकूर साधारण एक तासच ठेवतो, पिन केला तरच तो पुढे राहतो. म्हणून क्लिपबोर्डच्या भरवशावर मूळ नोट डिलीट करू नका.

मराठीत लिहिताना अक्षरं मोजा

फॉर्मवर '५०० कॅरेक्टर्स' अशी मर्यादा असेल तर मराठीत ती लवकर संपते, कारण काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण कॉम्प्युटरसाठी ती पाच कॅरेक्टर्स आहेत. 'क्षि' तर एकटंच चार! व्हीएस कोडमध्ये मजकूर सिलेक्ट केला की खालच्या पट्टीवर हा आकडा दिसतो. त्यामुळे पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटत नाही.

कुठे वापरू नये?

पासवर्ड, ओटीपी, बँकेचे तपशील एडिटरमध्ये किंवा नोट्समध्ये लिहू नका, ते थेट पेजवरच भरा. वर्डमधून कॉपी करत असाल तर 'साधा मजकूर' म्हणून पेस्ट करा. कॉम्प्युटरवर त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबायचं. नाहीतर फॉन्ट आणि रंगही सोबत येतात.

पुढचा फॉर्म भरताना आधी नोट उघडा आणि मग ब्राउझर. पेज दहा वेळा रिफ्रेश झालं तरी तुमचं लिखाण तुमच्याकडेच राहील.